ओठांचं अक्षर

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. काना कधी अक्षराला चिकटतो, कधी लांब पळतो. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा लिहिते. पण समजा कधी कुणी वाचलंच, तर त्याला आमचे दौलतमामा ठाऊक नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमच्या चाळीसमोर राहणारे दौलतमामा खिशात फणी ठेवतात. स्वतःसाठी नाही, त्यांच्या डोक्यावर फणी फिरवावी असं काही उरलेलं नाही. ती फणी दुसऱ्यांच्या मिशांसाठी असते. कुणी मिशीवाला बोलायला आला की मामा त्याला हाताने थांबवतात, फणी पुढे करतात आणि म्हणतात, "जरा वर करा. शब्द झाकलेत."

एकदा मतं मागायला एक पुढारी आला. त्याच्या मिशा म्हणजे दोन झाडू. मामांनी त्याला फणी दिली. बरोबरची पोरं हसू दाबत होती, पण पुढाऱ्याने निमूटपणे मिशा वर केल्या, फणी परत दिली आणि पाणी आणतो, रस्ता करतो, सगळं पुन्हा बोलून दाखवलं. मामांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन पाहिलं आणि म्हणाले, "आता नीट समजला. मत न्हाय देणार."

मामांना ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखतात. त्याला ते 'वाचणं' म्हणतात, आणि त्यांच्या मते प्रत्येकाच्या ओठांना अक्षर असतं. कोपऱ्यावरच्या पानवाल्याचं अक्षर गिचमिड, कारण तोंडात सदा गुटखा. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचं बारीक आणि तिरकं. माझी मैत्रीण शबाना बोलते ते दुकानाच्या पाटीसारखं, रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं.

आणि माझं? मी इतकं हळू बोलते की रेशनवाला तीनदा विचारतो. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरीला जीभ हाय का न्हाय, बघून घेतली का?" शबाना म्हणते, "मंदा, तेरा आवाज क्या गिरवी रखा है?" पण दौलतमामा मला पहिल्यांदा भेटले तेव्हा माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पोरी, तुझं अक्षर किती सुंदर हाय! छापल्यावानी. फक्त तो पदर तोंडावरून काढ."

माझ्या कुठल्याही अक्षराला सुंदर म्हणणारा तो पहिला माणूस. त्या रात्री मी आरशासमोर उभी राहून स्वतःशीच थोडं बोलून पाहिलं.

आमच्या चाळीत खिडक्यांना पडदे आहेत ते उन्हासाठी नाहीत, मामांसाठी आहेत. ते ओट्यावर चहाचा कप घेऊन बसले की अख्खी गल्ली त्यांच्यासमोर उघडी असते. तीन घरं सोडून नवरा-बायको भांडत असले तरी मामा इथूनच ओरडतात, "अरे, ती खरं बोलते! डब्यात भाजी नव्हतीच!" टीव्ही ते आवाज बंद करून बघतात. क्रिकेटची मॅच असली की गोलंदाज तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतो तेही त्यांना कळतं, आणि मग ते चटकन स्वतःच्या कानांवर हात ठेवतात.

सगळे तोंडाला मास्क बांधून फिरायचे, त्या दिवसांत मात्र मामांचे हाल झाले. "तवा मी खरा बहिरा झालो," असं ते अजून म्हणतात. घरात करमेना, म्हणून ते अंजूरकडे खाडीवर जाऊन बसायचे. पाण्यात मासे तोंड उघडतात, मिटतात. मामा तासन् तास बघत राहायचे. मी विचारलं, "मामा, काय म्हणतात मासे?" तर म्हणाले, "बोलतात पोरी, सारखे बोलतात. पण सगळे एकदम. एकाचं संपलं की दुसऱ्यानं बोलावं, एवढं त्यांना कोण शिकवणार?"

हे वाचणं ते शिकले लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. मीही तिथंच काम केलंय, सुताच्या कांड्या भरायचं. ज्यांनी लूमचा कारखाना पाहिला नाही त्यांना सांगते, तिथं शंभर माणसं एकदम पत्र्यावर दगड मारतायत असा आवाज असतो. त्यात आवाज काढून बोलण्यात अर्थ नसतो. म्हणून तिथं सगळेच ओठ हलवून आणि हातवारे करून बोलतात. चहा आला, मालक आला, धागा तुटला, पोरगी झाली, सगळं बिनआवाजाचं. हवेत कापसाची भुरभुर तरंगत असते, उजेड पिवळा असतो आणि माणसं एकमेकांकडे बघून हळूहळू ओठ हलवत असतात. मला ते स्वप्नासारखं वाटायचं. आयुष्यात मी सगळ्यात जास्त बोलले असेन ती तिथं.

त्यामुळे मामांचे कान गेले ते कुणालाच कळलं नाही, मामांनाही नाही. एका शुक्रवारी लाईट गेली, सगळे लूम एकदम थांबले, आणि लोक आवाजाने बोलायला लागले. मामा सांगतात, "मना वाटला, अजून कुणी बोलायला सुरुवात केली न्हाय. मी वाट बघत बसलो."

पुढे लूम भंगारात गेले आणि आम्ही सगळी माणसं राहनाळच्या गोडाऊनमध्ये आलो. लोक मोबाईलवर जे सामान मागवतात ते खोक्यात भरायचं. मी भरायचे, शबाना चिठ्ठी चिकटवायची, मामा खोक्याला चिकटपट्टी लावायचे. त्यांची पट्टी इतकी सरळ असायची की खोकं उघडणाऱ्याचा जीव हळहळावा.

त्याच सुमारास अपंगांच्या एका संस्थेच्या बाई वस्तीत आल्या होत्या. त्यांनी मामांना कार्ड काढून दिलं आणि कायदा समजावला. अपंग म्हणून कामावर कुणाला कमी लेखता येत नाही, त्याला काम करता यावं म्हणून जी साधी सोय लागेल ती करून द्यावी लागते, आणि चारचौघांसमोर मुद्दाम त्याचा अपमान केला तर तो गुन्हा आहे, कलम ब्याण्णव. बाकीचा कायदा मामांनी बाईंकडेच ठेवला. ब्याण्णव तेवढं घरी आणलं.

मग काय! रिक्षावाला न थांबता गेला, ब्याण्णव. पानवाल्याने सुट्ट्याऐवजी गोळी दिली, ब्याण्णव. ओट्यावर रोज एक कावळा मामांकडे पाठ करून बसायचा, त्यालाही ब्याण्णव. "कायदा हाय," मामा कावळ्याला बजावायचे, "तोंड इकडे करून बोल." शबाना पट्टी संपली की मुद्दाम म्हणायची, "मामू, पट्टी खलास, लगाऊं क्या ब्याण्णव?" गल्लीतली पोरं क्रिकेटमध्ये ब्याण्णववर आउट झाली की मामांच्या ओट्याकडे बघून नमस्कार करायची.

मग गोडाऊनवर ठेकेदाराचा नवीन सुपरवायझर आला, निखिलसर. वय लहान, मिशी अजून यायची होती. वाईट नव्हता असं मला आता वाटतं. पण मोठ्या माणसांवर साहेबकी करायची म्हणजे काय, ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आणि चार लोक हसले की त्याला बरं वाटायचं.

त्याने आधी मामांची जागा बदलली. आमच्या समोर बसायचे, त्यांना उचलून मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं. "इथं डिस्टर्ब होतं," म्हणाला. मामांना भिंतीकडे तोंड करून बसवणं म्हणजे दुसऱ्याला अंधारात बसवणं. कुणी हाक मारली कळत नाही, चहा आला कळत नाही. मागून हातगाडी आली आणि मामांना लागली. मग निखिलसर म्हणाला, "बघा, यांना ऐकू येत नाही, म्हणजे काम अर्धं. पगारपण अर्धा." आणि पुढच्या पगाराला मामांच्या खात्यात खरंच अर्धेच पैसे आले. त्याच्या पुढच्यालाही.

आणि चहाच्या वेळेचा त्याचा खेळ. तो मामांसमोर उभा राहायचा आणि नुसते ओठ हलवून, आवाज न काढता बोलायचा. चेहरा हसरा, जणू चहा घ्या म्हणतोय. पण ओठांवर शिव्या असायच्या. ऐकू न येण्यावरून, मामांच्या घरावरून, आईवरून. ते शब्द मी इथं लिहिणार नाही. त्याला वाटायचं, आवाज नाही म्हणजे कुणाला काही कळत नाही. बाहेरून आलेला पोरगा तो. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की त्या लाईनवर बसलेली निम्मी माणसं लूमवरून आलेली आहेत. तो एवढ्या शांतपणे शिव्या द्यायचा, आणि आम्हाला सगळ्यांना त्या मोठमोठ्याने ऐकू यायच्या.

मामांनाही यायच्या. पण जो माणूस कावळ्याला ब्याण्णव लावायचा, तो आता काही बोलेना. खाली मान घालून पट्टी लावायचा.

शबाना तडकली. "मामू, अब कहाँ गया तुम्हारा कलम?"

मामा म्हणाले, "ते बाहेरच्यांसाठी, बाय. हितं पोट हाय."

"पोट ही तो काट रहा है वो!"

त्या महिन्यात मामांनी दूध बंद केलं. ओट्यावर काळा चहा घेऊन बसायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "पचत न्हाय." चाळीतल्या खिडक्यांचे पडदे उघडे राहायला लागले, कारण मामा कुणाचं वाचतच नव्हते.

शेवटी शबानाने मला धरलं आणि आम्ही दोघी संस्थेच्या बाईंकडे गेलो. बोलली शबाना, मी मान हलवली. बाईंनी मामांना बोलावून अर्ज केला आणि सुनावणी ठाणे शहरातल्या सरकारी कचेरीत लागली. मागणी दोनच, कापलेला पगार पुरा परत मिळावा आणि जागा समोर मिळावी. साक्षीला शबाना येणार होती. पण नेमकी त्या दिवशी तिची मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात गेली. जाताना ती मला म्हणाली, "तू बोल देना. तीन शब्द तो हैं." शिवीचे तीनच शब्द होते, पण कुठले ते मला माहीत होतं.

सुनावणीला बाहेर बाकावर खूप लोक होते. कुणी कुबड्या घेऊन, कुणी हात धरून आलेलं. एक शिपाई दारात येऊन नावं पुकारायचा, आणि त्याला दाट मिशी होती. मामा उठले, त्याच्याजवळ गेले आणि फणी पुढे केली. मला वाटलं आता हाकलतो. पण शिपायाने मामांकडे पाहिलं, फणी घेतली, मिशी वर केली आणि त्यानंतर प्रत्येक नाव मामांकडे तोंड करूनच पुकारलं, दुसऱ्यांचीसुद्धा.

आत सुनावणी घेणारे साहेब, एका बाजूला निखिलसर आणि ठेकेदाराचा मॅनेजर, दुसऱ्या बाजूला बाई, मामा आणि मी. पगाराचं लवकर उरकलं. सरळ पट्टी लावणाऱ्याचं काम अर्धं कसं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मॅनेजर नुसते कागद चाळत राहिला. पण अपमानाचं आलं तेव्हा मॅनेजर म्हणाला, "सर, आमचा माणूस एक शब्दही बोललेला नाही. कुणालाही विचारा, कुणी आवाज ऐकलाय का?"

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. काय म्हणाले हे?"

मी सांगितलं.

"मोठ्याने बोला बाई."

मी पुन्हा सांगितलं. म्हणजे मला वाटलं मी सांगितलं. मामा माझ्याकडे बघत होते. ते लगेच साहेबांना म्हणाले, "साहेब, ती बोलते की—"

"तुम्ही थांबा. तुमची तक्रार, आणि साक्षीदाराचं बोलणंही तुमच्याच तोंडून घेऊ? हे चालायचं नाही."

"अहो पण ती बोलली!"

"मला ऐकू आलं नाही."

"तुम्हाला ऐकू आला न्हाय," मामा म्हणाले, "त्यात तिची काय चूक?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि मला वाटतं ते जरा हसले. मग मला म्हणाले, "बाई, घाबरू नका. माझ्याकडे नको, त्यांच्याकडे बघून सांगा." आणि निखिलसरांकडे बोट दाखवलं.

मी पदर खाली घेतला आणि त्या पोराकडे पाहिलं. घशातून आवाज निघेना. पण ओठ मला साथ देतात, लूमवर द्यायचे तसे. त्याने जसे म्हटले होते तसेच ते तीन शब्द मी म्हटले, हळू, एकेक, आवाजाशिवाय. असले शब्द माझ्या तोंडात आयुष्यात आले नव्हते.

त्याचा चेहरा लाल झाला. त्याने मान खाली घातली.

साहेबांनी त्याला विचारलं, "कळलं का, बाई काय म्हणाल्या?"

मग तो म्हणाला, "सर, मी मस्करीत बोललो होतो."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. साहेबांनी कापलेला सगळा पगार परत द्यायचा आणि मामांना समोरची जागा द्यायची असं लिहून दिलं. मॅनेजरने हप्ते मागितले. संस्थेच्या बाई मामांना म्हणाल्या, "अपमानाची पोलिसात वेगळी तक्रार करता येईल. तेच तुमचं ब्याण्णव."

मामांनी निखिलसरांकडे पाहिलं. "पोरगा हाय," ते म्हणाले. "त्याला चहाच्या वेळी समोर येऊन माफी मागू दे. तोंड उघडून."

त्याने मागितली, सगळ्यांसमोर. मामा म्हणाले, "नीट वाचता न्हाय आला. परत." तो परत बोलला. मामांनी त्याला तीनदा बोलायला लावलं. पहिल्याच वेळी त्यांना नीट कळलं होतं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मग त्यांनी त्याला स्वतःच्या कपातला अर्धा चहा ओतून दिला.

हप्ते येत राहिले. शेवटचा आला त्या संध्याकाळी मी काही कामाने गल्लीतून जात होते. मामांनी ओट्यावरून हाक मारली. हातात मोबाईल होता. इकडे-तिकडे बघून मला म्हणाले, "तुला ऐकू येतं ना चांगलं?"

म्हटलं, "येतं."

"मग बस जरा."

मोबाईलवर कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ होता, मांडवाचा, पंगतीचा. बॅन्डचा एवढा गोंगाट की कुणाचं काही कळू नये. कडेला हिरव्या लुगड्यात एक बाई वाढणाऱ्यांशी बोलत होती. मी ओळखलं. या मामी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मामांच्या घरात त्यांचा हार घातलेला फोटो आहे, पण फोटोत ओठ मिटलेले आहेत.

"हे बघ," मामा म्हणाले, "हितं ती बोलते, 'मठ्ठा आण.' मग बोलते, 'पोरांना आधी वाढ.' मग हितं हसते. रोज बघतो मी. सगळं पाठ हाय. पण हितं," त्यांनी बोट ठेवलं, "हितं ती पाठ फिरवते आणि काय तरी बोलते. ते मना वाचता येत न्हाय. कुणाला विचारू? हसतील. तू ऐक."

मी मोबाईल कानाला लावला. बॅन्ड आणि भांड्यांचा आवाज. त्यात मामींचा आवाज आला, पण तेवढ्यात मोबाईल टिंग वाजला आणि तो शब्दांवर पडला. मी पुन्हा लावलं. पुन्हा. मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, वाचण्यासारखं काही उमटतंय का म्हणून. गल्लीत दिवे लागत होते. चौथ्यांदा मला ऐकू आलं, अगदी स्वच्छ.

मी मामांकडे तोंड केलं आणि नेहमीसारखी हळूच म्हणाले, "मामी म्हणतात, 'यांना भात वाढा. हे स्वतःहून मागायचे नाहीत.'"

मामांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं. मग म्हणाले, "परत बोल."

मी परत बोलले. त्यांनी आणखी एकदा बोलायला लावलं. मला माहीत होतं की पहिल्याच वेळी त्यांना कळलं होतं. डोळे पुसायला त्यांना काही सापडेना, म्हणून त्यांनी ते शर्टाच्या बाहीला पुसले.

मोबाईलवर मघाच्या टिंगचा मेसेज तसाच दिसत होता. मी अक्षर अक्षर लावून तो वाचला. बँकेचा होता.

"मामा," मी म्हटलं, "शेवटचे पैसे आले. सगळे आले, पुरे."

मामांनी मान हलवली, माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.